धुळ्याचे ॲम्बेसेडरवाले मिस्तरी : गिअरबॉक्सच्या आवाजाचे निदान आणि दुरुस्ती

धुळे शहराच्या कडेला, जेथे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या दोन महामार्गांची वाहतूक एकत्र येते, तेथे ट्रकचे पाटे बांधणाऱ्या आणि रेडिएटर झाळणाऱ्या दुकानांच्या ओळीत पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज चालते. त्याला पाटी नाही. आसपासचे लोक ‘ॲम्बेसेडरवाले मिस्तरी’ एवढ्या खुणेवर वाट दाखवतात. माझ्या १९८६ च्या मार्क फोर पेट्रोल ॲम्बेसेडरच्या गिअरबॉक्सचे काम मी तेथे करून घेतले, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. दुरुस्तीपेक्षा निदानाबद्दल मी अधिक लिहिणार आहे, कारण नट-बोल्ट सोडवणारे हात खानदेशात भरपूर आहेत. पण बॉक्स उघडण्यापूर्वी आत काय झाले असावे याचा क्रमवार विचार करणारा माणूस मला या व्यवसायात क्वचितच भेटला आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या ब्रिटिश गाडीवर बेतलेली होती, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या जुन्या मॉडेलांतील १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन व चार गिअरचा बॉक्स हे दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातले आहेत. या बॉक्समध्ये पहिल्या आणि रिव्हर्स गिअरचे दात सरळ असतात व पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दात गुंतण्याआधी त्यांची गती जुळवून देणारी पितळी रिंगांची योजना) नसतो, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा झाल्यास जुने चालक डबल क्लच करत. क्लचकडून येणारा टॉप शाफ्ट त्याच्या खाली असलेल्या लेगिअरला, म्हणजे एकाच तुकड्यात घडवलेल्या दातेरी चाकांच्या जुडग्याला, सतत फिरवत असतो. हे जुडगे ज्या पोलादी दांड्यावर फिरते त्या दांड्याला मिस्तरी लोक लेशाफ्ट म्हणतात. दांडा स्वतः फिरत नाही. त्याच्यावर सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंगे असतात आणि त्यांच्यावर जुडगे फिरते. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची सगळी ताकद या जुडग्यातून जाते. चौथ्यात मात्र टॉप शाफ्ट आणि त्याच्या मागचा, चाकांकडे ताकद नेणारा मेन शाफ्ट थेट जोडले जातात, ताकद सरळ मागे जाते आणि जुडगे नुसतेच, भाराविना फिरत राहते. पुढचे सगळे निदान या एका गोष्टीवर उभे आहे.

माझी तक्रार अशी होती की गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये एक खालच्या सुरातला घरघराट येई, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला की जात्यात वाळू पडल्यासारखा आवाज केबिनमध्ये भरून राही. यापूर्वी एका गॅरेजने (त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही) गाडी चालवून न पाहताच ‘पूर्ण बॉक्स बदला’ असा सल्ला दिला होता, आणि तोपर्यंतची सोय म्हणून १४० नंबरचे जाड गिअर ऑइल भरून दिले होते. आवाज तेवढ्यापुरता दबला, पण सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर कुरकुरू लागला. जुन्या गाड्यांच्या बाजारात आवाज लपवण्यासाठी बॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालणारे विक्रेते पूर्वी असत. जाड तेलाचा उपाय त्याहून सभ्य असला तरी त्याच जातीचा आहे.

मिस्तरींना आम्ही सगळे आबा म्हणतो. तरुणपणी शासकीय गाड्यांच्या कामावर त्यांचा हात बसला, असे ते सांगतात. मी तक्रारीचे वर्णन सुरू केले तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले आणि ‘पहिले गाडी चालाडी देखू, मंग बोलू’ असे अहिराणीत सांगून किल्ली मागितली. सकाळच्या गारव्यात मात्र त्यांनी गाडी बाहेर काढली नाही. बॉक्स तापल्याशिवाय आवाजाची परीक्षा करायची नाही, हा त्यांचा नियम आहे, आणि त्यामागे कारण आहे: थंड, घट्ट तेल झिजलेल्या भागांमधली फट भरून काढते व खरा आवाज झाकते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२–४४ अंशांवर जातो, त्यात महामार्गावर तासभर चाललेल्या गाडीचे तेल पातळ होते आणि जे ऐकायचे ते नेमके तेव्हाच ऐकू येते. माझ्याप्रमाणे ज्यांची गाडी जानेवारीत गप्प आणि मेमध्ये बोलकी असते, त्यांना हे पटेल.

गाडी तापवून आणल्यावर पहिली परीक्षा उभ्या गाडीत झाली. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला: घरघर आहे. क्लच पूर्ण दाबला: घरघर काही क्षणांत विरून गेली. याचा अर्थ, क्लच दाबल्यावर जे भाग फिरायचे थांबतात त्यांच्यातच दोष आहे, म्हणजे टॉप शाफ्टचे पुढचे बेअरिंग, लेगिअर आणि त्याच्या सुया, किंवा या दोघांना जोडणारे कायम गुंतलेले दात. उलट घडले असते, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर संशय रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणाऱ्या भागावर) किंवा टॉप शाफ्टचे पुढचे टोक ज्यात टेकते त्या फ्लायव्हीलच्या बाजूच्या पायलट बुशवर गेला असता. या गाड्यांतले जुन्या पद्धतीचे रिलीज बेअरिंग कार्बनचे असते आणि ते झिजले की घोंघावत नाही, तर खरवडते, हेही आबांनी आपणहून सांगितले. पायलट बुशची वेगळी खात्री करण्यासाठी त्यांनी क्लच दाबून गाडी गिअरमध्ये टाकून उभी ठेवली; त्या स्थितीत क्रँक फिरत असतो आणि टॉप शाफ्ट थांबलेला असतो, त्यामुळे बुशमध्ये दोष असल्यास तो तेथेच कुंथतो. तेथे शांतता होती.

त्यानंतर आम्ही लळिंगच्या घाटाकडे निघालो. हा रस्ता निवडण्यातच त्यांचे अर्धे कौशल्य आहे असे मला वाटते, कारण सपाट रस्त्यावर भार आणि वेग एकदमच वाढतात आणि कशामुळे काय वाजते ते कळत नाही. चढावर त्यांनी दुसरा आणि तिसरा गिअर ताणून पाहिला. दोन्हींत आवाज भाराबरोबर चढत गेला. सपाटीला येऊन साधारण ४० च्या वेगाने आधी तिसऱ्यात आणि मग चौथ्यात तोच वेग राखून चालवले. तिसऱ्यातला आवाज चौथ्यात जवळपास नाहीसा झाला. गाडीचा वेग तोच असल्याने प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन आणि चाकांची बेअरिंगे या सगळ्यांची गती तीच होती. आवाज त्यांच्यात असता तर तो गिअर बदलल्याने गेला नसता. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून त्यांनी पुन्हा कान दिला, कारण क्राउन-पिनियनचा दोष बहुधा ओढताना आणि सोडताना वेगवेगळ्या सुरांत बोलतो. मागच्या हौसिंगमधून तसे काही आले नाही. घाटात न्यूट्रल करून गाडी सोडण्याचा अघोरी प्रकार त्यांनी केला नाही. तशी परीक्षा हवी होती ती नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर घेतली.

येथे एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता, एवढ्यावरून सरळ लेशाफ्टवर शिक्का मारणारे मिस्तरी मी पाहिले आहेत. आबांनी तसे केले नाही. टॉप शाफ्टच्या मागच्या पोकळ टोकात मेन शाफ्टचे पुढचे टोक सुयांवर टेकलेले असते, आणि चौथ्यात ते दोन्ही शाफ्ट एकत्र फिरत असल्यामुळे त्या सुयाही गप्प बसतात. लक्षण तेच, दोष वेगळा. त्यांनी मला स्पष्ट सांगितले की या दोहोंपैकी एक आहे, पहिल्याची शक्यता जास्त वाटते, पण उघडल्याशिवाय शब्द देणार नाही. ‘पुढचे बेअरिंग?’ असे मी विचारले तेव्हा त्यांनी मागची चाके अधांतरी ठेवून गाडी मजबूत स्टँडवर घेतली, इंजिन चालू करून लाकडी मुठीच्या लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक केसिंगच्या पुढच्या तोंडाला व मग खालच्या बाजूला लावून मूठ माझ्या कानाशी धरली. खालचा आवाज मोठा होता, हे माझ्यासारख्या अनभिज्ञालाही कळले.

बॉक्स उतरवण्याआधी तेल परातीत काढण्यात आले आणि त्यात एक चुंबक फिरवण्यात आला. चुंबकाला जे चिकटते ते पोलाद, म्हणजे दात, शाफ्ट किंवा बेअरिंग. जे परातीत पिवळसर चमकत राहते ते पितळ किंवा ब्राँझ, म्हणजे सिंक्रो रिंगा अथवा थ्रस्ट वॉशर. आमच्या तेलात चुंबकाला चिकटणारे पातळ पापुद्रे निघाले आणि पिवळी चमक अगदी थोडी होती. आबांच्या मते दात तुटला असता तर खडे आले असते. पापुद्रा हा पृष्ठभाग सोलल्याची खूण असतो. निदानाची ही पायरी फुकटची आहे आणि तरीही मी ती इतर ठिकाणी होताना पाहिलेली नाही, याचे मला नवल वाटते.

उघडल्यावर लेशाफ्टच निघाला. दांड्याच्या पुढच्या टोकाला, सुया जेथे धावतात तेथे, एका बाजूला कडक थर उखडून खड्डे पडले होते, आणि दुसरी बाजू जवळजवळ नव्यासारखी गुळगुळीत होती. दांडा फिरत नसल्याने भार नेहमी त्याच बाजूला येतो, त्यामुळे झीजही एकतर्फी होते. मेन शाफ्टच्या टोकाच्या सुया ठीक होत्या. जुडग्याच्या आतले भोकही त्यांनी उजेडात धरून तपासले, कारण ते खरवडलेले असेल तर नवा दांडा घालूनही काही महिन्यांत तोच आवाज परत येतो. सुदैवाने ते साफ होते. केसिंगच्या ज्या भोकांत दांडा बसतो ती सैल झालेली नाहीत ना, हेही पाहिले. पुढचे बेअरिंग रॉकेलने धुऊन, कोरडे करून हाताने हळूहळू फिरवले. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग भिरभिरवण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. तेल नसलेल्या बेअरिंगला त्याने इजा होते आणि हाताला जो खरखरीतपणा जाणवायचा तोही कळत नाही. आमच्या बेअरिंगमध्ये किंचित खरखर होती, आणि बॉक्स उघडलेलाच असल्याने ते बदलायचे ठरले.

सिंक्रो रिंगांच्या बाबतीत मात्र मला आबांचा संयम आवडला. सकाळी दुसरा गिअर कुरकुरत असल्याने त्या बदलाव्यात असे मीच सुचवले होते. त्यांनी प्रत्येक रिंग तिच्या कोनावर दाबून बसवली आणि रिंग व गिअरचे छोटे दात यांच्यातील फट फीलर गेजने पाहिली. रिंग झिजली की ती कोनावर खोल जाते आणि ही फट कमी होत जाते. फट पुरेशी होती. कुरकुर जाड तेलामुळे आहे, रिंगेमुळे नाही, असे सांगून त्यांनी जुन्याच रिंगा परत घातल्या, आणि पुढे ते बरोबर ठरले.

सुट्या भागांची कथा मोठी आहे. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. जळगाव किंवा धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, पाण्याचा पंप अशा वस्तू अजून मिळतात, पण गिअरबॉक्सच्या पोटातल्या वस्तूंसाठी कोलकात्याकडे पाहावे लागते, कारण तेथे या गाडीच्या टॅक्सी मोठ्या संख्येने धावल्या आणि मल्लिक बाजारासारख्या ठिकाणी तिचे सामान खेळते राहिले. मी उतावळेपणाने एका लेथवाल्याकडून दांडा घडवून आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. आबांनी उत्तर देण्याऐवजी जुन्या दांड्याच्या न झिजलेल्या भागावर कानस ओढून दाखवली. ती चावली नाही, घसरली. मग शेडमध्ये पडलेल्या साध्या सळईवर ओढली, तेथे लगेच चकाकती रेघ उमटली. लेशाफ्टचा वरचा थर उष्णता देऊन कडक केलेला असतो, आणि तसा थर नसलेला, मापाने कितीही अचूक असलेला दांडा सुया थोड्याच दिवसांत कोरून काढतात. कोलकात्याहून आलेल्या जुन्या साठ्यातील दांड्यावरही त्यांनी टोकाला कानस लावून पाहिल्यावरच तो स्वीकारला. जुने भाग घेणाऱ्या कोणीही ही परीक्षा घरी करावी, मात्र सुया धावतात त्या पट्ट्यावर कानस लावू नये.

बांधणी त्यांनी मला शेजारी उभे राहून पाहू दिली. सुया ग्रीसमध्ये चिकटवून जुडग्यात बसवायच्या, त्यांना जागेवर धरण्यासाठी मूळ दांड्यापेक्षा आखूड असा खोटा दांडा घालायचा, जुडगे केसिंगच्या तळाशी निजवून ठेवायचे, वरचे दोन्ही शाफ्ट बसल्यावर ते उचलायचे आणि खरा दांडा सरकवत खोटा बाहेर ढकलायचा, असा हा क्रम आहे. त्यांनी खोटा दांडा जुन्या लेशाफ्टचाच कापून केलेला आहे. जुडग्याच्या दोन्ही टोकांना थ्रस्ट वॉशर असतात. ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात आणि पुढे-मागे होण्याची फट त्यांच्यावरून जुळवावी लागते. येथे त्यांनी दोन वॉशर बदलून पाहिले, तिसऱ्यावर समाधान मानले. दुपारी धुळीचा वारा सुटल्यावर काम थांबवून केसिंगवर ओले गोणपाट टाकले, हेही नमूद करतो, कारण शेडची एकंदर अवस्था पाहून मला त्याचीच धास्ती होती.

तेलाच्या बाबतीत त्यांनी १४० पूर्णपणे नाकारले. सुयांच्या बारीक फटीत जाड तेल लवकर शिरत नाही, आणि सिंक्रो रिंगेला कोनावरचे तेल पुसून पकड घ्यायची असते, तेथेही ते आड येते. या गिअरबॉक्सच्या ब्रिटिश भावंडांत, उदाहरणार्थ एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये, कारखान्याकडूनच चक्क इंजिन ऑइल सांगितलेले असे, एवढी पातळ तेलाची सवय या रचनेला आहे. आबांनी ९० नंबरचे जीएल-४ प्रतीचे तेल घातले. डब्यावर जीएल-५ असलेले तेल डिफरन्शियलसाठी चांगले असले तरी त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण पितळी रिंगांना मानवत नाही, म्हणून दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तरी डबा वाचूनच घ्यावा.

आता परिणाम. न्यूट्रलमधील घरघर गेली. लळिंगच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज ऐकू येतो, बॉक्सचा नाही. दुसरा गिअर सकाळीही निमूट पडतो. पहिल्या गिअरमध्ये जो बारीक, चढत जाणारा सूर येतो तो पूर्वीइतकाच आहे आणि तो तसाच राहणार. सरळ दातांचा तो स्वभाव आहे, हे त्यांनी काम घेण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. आवाज पूर्ण बंद करून देतो असे म्हणणाऱ्या मिस्तरीपेक्षा कोणता आवाज राहील हे आधी सांगणारा मिस्तरी मला अधिक विश्वासार्ह वाटतो. मजुरी साडेसहा हजार रुपये पडली आणि लेशाफ्ट, सुया, वॉशर, बेअरिंग, तेल व वाहतूक धरून एकूण खर्च चौदा हजारांच्या आत राहिला. पूर्ण बॉक्स बदलण्याचा जो आकडा मला आधी सांगितला गेला होता, त्याच्या निम्म्याहून तो कमी आहे.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. काम कधी पूर्ण होईल याची तारीख आबा देत नाहीत. विचारले की ‘सामान आलं की’ एवढेच उत्तर मिळते, आणि सामान आल्यावरही महामार्गावर अडकलेला एखादा ट्रक दारात आला तर तुमची गाडी बाजूला सरकते. त्यांचा पोटाचा धंदा ट्रकचा आहे, हे समजण्यासारखे असले तरी बाहेरगावच्या ग्राहकाला त्याचा त्रास होतो. मी अमळनेरहून जात होतो म्हणून निभावले. नंदुरबार किंवा रावेरकडच्या माणसाला हे जड जाईल. लेखी बिल मिळत नाही, एका वहीच्या पानावर आकडे लिहून दिले जातात, त्यामुळे पुढेमागे गाडी विकताना दाखवायला कागद राहत नाही. फोन क्वचितच उचलला जातो. पॅकिंग ते शीटमधून हाताने कापतात. ते नीट बसले, पण मागच्या सीलपाशी अजूनही थोडा ओलावा दिसतो, आणि तो त्यांनी ‘चालेल’ म्हणून सोडून दिला, हे मला मान्य नाही. बॉक्स खाली उतरलेला असताना ते सील बदलणे काही मोठे काम नव्हते. तुम्ही गेलात तर सीलचा आग्रह आधीच धरा.

पाच गिअरच्या, इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसेडरचे काम ते घेतात की नाही हे विचारून जावे. मी होतो तेव्हा तशी एक गाडी त्यांनी परत पाठवली. प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या महिंद्रा जीपचे बॉक्स मात्र शेडमध्ये उघडलेले होते. सकाळी दहाच्या आत गेल्यास ते निवांत बोलतात. गाडी स्वतः चालवत न्यावी, टोचन करून नेऊ नये, कारण थंड आणि उभी गाडी पाहून ते काहीही सांगत नाहीत. आणि शक्य असेल तर लेशाफ्ट, सुयांचा संच आणि मागचे सील आधी मागवून, दांड्याच्या टोकाला कानस लावून खात्री करून, सोबत घेऊनच जावे. मग मधला प्रतीक्षेचा काळ बराच वाचतो.